वाळवंटातली रोड ट्रिप: ॲरिझोना, युटा, नेवाडा, न्यू मेक्सिको. वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली बरीच वर्षं आम्ही फिनिक्सजवळ राहतो. मार्च उजाडला की फोन सुरू होतात. कुणाचे आई-बाबा नाशिकहून यायचे असतात, कुणाचा मुलगा टेक्सासात शिकत असतो आणि त्याला चार मित्रांबरोबर गाडी काढायची असते, कुणी पुण्याची ट्रेकची मंडळी असतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवली आहेत. प्रश्नांना क्रमांक दिले आहेत, एका उत्तरात दुसऱ्याचा संदर्भ आला तर तिथे बघा.

१. वाळवंट म्हणजे नुसती वाळूच ना? आठवडाभर काय बघायचं तिथे?

वाळू फार थोड्या ठिकाणी आहे. बाकी सगळा दगड आहे, आणि तो लाल, केशरी, पिवळा, जांभळट असा रंग बदलत जातो. कोलोराडो नदीने कापलेल्या दऱ्या, वाऱ्यापावसाने झिजून उरलेले सुळके, दगडाच्या कमानी, मैलोन् मैल सपाट पठार आणि त्यातून एकदम वर आलेले किल्ल्याच्या बुरुजासारखे कडे. दक्षिण ॲरिझोनात हात वर केलेले सग्वारो निवडुंग आहेत. ते फक्त सोनोरन वाळवंटात उगवतात आणि त्यांना पहिली फांदी फुटायला पन्नास-पंचाहत्तर वर्षं किंवा त्याहूनही जास्त लागतात. आणि फ्लॅगस्टाफला पोचलात तर चक्क पाइनचं जंगल, हिवाळ्यात गुडघाभर बर्फ.

२. कोणत्या महिन्यात जावं?

मार्चचा शेवट ते मे, किंवा मधला सप्टेंबर ते ऑक्टोबर. मला स्वतःला ऑक्टोबर आवडतो. हवा स्वच्छ असते, पाऊस सरलेला असतो आणि युटातल्या झायन पार्कच्या दरीत नदीकाठची कॉटनवुडची झाडं महिन्याच्या अखेरीला पिवळी व्हायला लागतात.

इथे महिन्यापेक्षा उंची महत्त्वाची आहे. फिनिक्स समुद्रसपाटीपासून सुमारे ३४० मीटरवर आहे, ग्रँड कॅनियनचा साउथ रिम (दक्षिणेचा कडा) सुमारे २,१०० मीटरवर, युटातल्या ब्राइस कॅनियनचा कडा २,४०० मीटरच्याही वर. एप्रिलमध्ये फिनिक्सला तुम्ही अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून निघाल आणि त्याच संध्याकाळी ब्राइसला हिमवर्षाव लागेल. प्रत्येकाच्या बॅगेत एक जाड जॅकेट असलंच पाहिजे, मे महिन्यातसुद्धा.

भारतातून येणाऱ्या पालकांचा मुक्काम बहुधा जून-जुलैत असतो हे मला माहीत आहे. तेव्हाही जाता येतं, फक्त उंचावरची ठिकाणं निवडायची आणि प्रश्न ७ आणि ८ नीट वाचायचे.

३. सात दिवस आहेत. काय काय होईल?

हा प्रश्न येतो तेव्हा सोबत यादीही येते, आणि त्या यादीत बारा ठिकाणं असतात. माझं उत्तर ठरलेलं आहे: निम्मी खोडा.

नकाशावर सगळं जवळ दिसतं, पण मध्ये दरी असते. ग्रँड कॅनियनचा साउथ रिम आणि नॉर्थ रिम समोरासमोर आहेत, सरळ रेषेत जेमतेम १६ किलोमीटर. रस्त्याने मात्र ३४० किलोमीटरच्या आसपास, साडेचार तास. शिवाय इथला प्रकाश फक्त दोन वेळा बोलतो, सकाळी आणि संध्याकाळी. दुपारी बाराला तीच दरी सपाट, फिकट दिसते. रोज मुक्काम हलवला तर या दोन्ही वेळा तुम्ही गाडीत असता आणि जागेवर पोचता ते भर दुपारी. म्हणून प्रत्येक मोठ्या ठिकाणी दोन रात्री. हे एवढं एक पाळलंत तरी सहल बदलते.

सात दिवसांसाठी मी सुचवते तो मार्ग लास वेगासपासून सुरू होतो. वेगास ते झायन सुमारे २६० किलोमीटर, अडीच-पावणेतीन तास, तिथे दोन रात्री. मग ब्राइस, दोन तासांवर, एक रात्र (इथे नियम मोडला तरी चालतो, कारण ब्राइसचा कडा लहान आहे, संध्याकाळ आणि पहाट पुरते). तिथून पेज हे ॲरिझोनातलं गाव, पुन्हा अडीच-तीन तास, एक रात्र. हॉर्सशू बेंड (नदीचं घोड्याच्या नालासारखं वळण) आणि अँटिलोप कॅनियन (दगडातली अरुंद घळ) तिथेच. मग ग्रँड कॅनियन साउथ रिम, अडीच तास, दोन रात्री. परत वेगासला साडेचार तास.

यात मॉन्युमेंट व्हॅली नाही, मोआबच्या कमानी नाहीत. त्या हव्या असतील तर दहा दिवस काढा, नाहीतर त्या पुढच्या खेपेला (प्रश्न १८).

४. भारतीय लायसन्सवर गाडी चालवता येते का?

पर्यटक म्हणून आलेल्यांना येते. लायसन्स वैध आणि इंग्रजीत छापलेलं हवं. निघण्याआधी आपल्या आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढून घ्या, तो एक वर्ष चालतो. रस्त्यावर कुणी मागेलच असं नाही, पण भाड्याच्या गाडीच्या काउंटरवर मागतात आणि रात्री अकरा वाजता तिथे वाद घालण्यात अर्थ नसतो. चालक पंचवीसच्या आतला असेल तर भाड्यावर जादा रक्कम लागते.

अपवाद: तुम्ही नोकरीसाठी इथे राहायला आला असाल तर पर्यटक नाही. मुदतीत त्या त्या राज्याचं लायसन्स काढावं लागतं.

उजवीकडून चालवायची सवय एका दिवसात होते. चूक होते ती पेट्रोल पंपातून किंवा मोकळ्या पार्किंगमधून बाहेर पडताना, जेव्हा समोर दुसरी गाडी नसते आणि हात आपोआप डावीकडे वळतो. शेजारी बसणाऱ्याने दर वेळी मोठ्याने ‘उजवीकडे’ म्हणायचं. आमच्या घरी अजूनही पाहुणे चालवत असले की हे चालतं. आणि पोलिसांनी थांबवलं तर गाडीतून उतरायचं नाही. हात स्टिअरिंगवर दिसतील असे ठेवून बसून राहायचं.

५. एसयूव्ही किंवा फोर व्हील ड्राइव्ह लागेल का?

प्रश्न ३ मधल्या मार्गाला नाही, साधी सेडान पुरते. सगळे रस्ते डांबरी आणि उत्तम आहेत. हिवाळ्यात बर्फाचा अंदाज मात्र बघा.

अडचण येते कच्च्या रस्त्यांवर. मॉन्युमेंट व्हॅलीचा २७ किलोमीटरचा फेरा कच्चा आहे. कोरडा असताना साध्या गाड्या हळूहळू जातात, पण भाड्याच्या गाडीच्या करारात बहुतेक वेळा ‘डांबर नसलेल्या रस्त्यावर नेऊ नये’ असं कलम असतं. तिथे काही झालं तर विमा हात वर करतो. त्यापेक्षा नावाहो या इथल्या मूळ रहिवासी जमातीतल्या वाटाड्याच्या जीपमधून जा. ज्या भागात खाजगी गाड्यांना मनाई आहे तिथेही तो नेतो आणि त्याच्या आजीचं घर कुठे होतं ते दाखवतो.

६. पेट्रोल आणि फोनचं काय?

टाकी अर्ध्यावर आली की भरायची, किंमत बघत बसायचं नाही. युटात आय-७० या महामार्गावर ग्रीन रिव्हर ते सलायना असा सुमारे १७० किलोमीटरचा पट्टा आहे, त्यात पंप नाही, दुकान नाही, गाव नाही. पहिल्यांदा गेलो तेव्हा तिथली पाटी वाचूनसुद्धा आमचा विश्वास बसला नव्हता.

विजेवरची गाडी असेल तर आय-१५, आय-४० आणि आय-७० यांच्या काठाने जलद चार्जर मिळतात. आत शिरल्यावर, विशेषतः नावाहो भागात, ते विरळ होतात. रोजचा टप्पा चार्जर पाहून आखा.

फोनला सिग्नल नसणं इथे नेहमीचं आहे. नकाशे आधीच उतरवून घ्या, हॉटेलचा पत्ता आणि आरक्षण कागदावर छापून ठेवा. आणि नकाशाच्या ॲपने ‘जवळचा रस्ता’ म्हणून कच्च्या वाटेवर वळायला सांगितलं तर वळू नका.

रात्री गाडी चालवणं टाळा. डोळे मिटतात हे एक कारण. दुसरं म्हणजे एल्क (सांबरासारखे मोठे प्राणी) आणि हरणं रस्त्यावर येतात, आणि नावाहो भागात कुंपण नसलेल्या कुरणांतून गाई आणि घोडे. काळी गाय काळ्या रस्त्यावर दिव्याच्या झोतात येईपर्यंत दिसत नाही.

७. पाणी किती न्यायचं? आणि जुलैत डेथ व्हॅलीला जाऊ का?

माणशी दिवसाला किमान चार लिटर, आणि त्याव्यतिरिक्त गाडीत राखीव. पाच जण असाल तर वीस लिटर. कोरड्या हवेत घाम अंगावर येण्याआधीच उडून जातो, त्यामुळे मुंबईकरांना वाटतं की आपल्याला घाम येतच नाही, आणि ते पाणी पीत नाहीत. नुसतं पाणीही पुरत नाही. पाणी भरपूर आणि मीठ अजिबात नाही, असं झालं तर रक्तातलं सोडियम उतरतं, मळमळतं, माणूस गोंधळल्यासारखा वागतो. आपला चिवडा, खारे शेंगदाणे, लिंबाचं लोणचं यांचा इथे खरा उपयोग आहे.

कॅलिफोर्नियाच्या हद्दीत असलेल्या डेथ व्हॅलीतल्या फर्नेस क्रीकला १० जुलै १९१३ रोजी ५६.७ अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं, जगातली सर्वोच्च अधिकृत नोंद. २०२३ मध्ये खुद्द फिनिक्स शहरात सलग ३१ दिवस पारा ११० फॅरनहाइट म्हणजे ४३ अंशांच्या वर होता. नागपूर-चंद्रपूरचे वाचक म्हणतील, आम्हाला काय सांगता. पण चंद्रपुरात हाकेच्या अंतरावर कुणीतरी असतं. इथे गाडी बंद पडली तर दोन तास कुणी येणार नाही.

म्हणून जुलैत नाही. नोव्हेंबर ते मार्च या काळात जरूर जा. बॅडवॉटर समुद्रसपाटीपेक्षा ८६ मीटर खाली आहे, मिठाच्या त्या पांढऱ्या जमिनीवर उभं राहून समोरच्या डोंगरावरचा बर्फ दिसतो. उन्हाळ्यात नाइलाजाने त्या बाजूने जावंच लागलं तर चढावर एसी बंद करा, इंजिन तापू देऊ नका. आणि गाडी बंद पडली तर गाडी सोडून चालत निघू नका. गाडी शोधणं सोपं असतं, माणूस शोधणं नाही.

८. वाळवंटात पूर कसा येईल?

येतो, आणि माणसं मरतात. ॲरिझोनातही पावसाळ्याला मान्सूनच म्हणतात, १५ जून ते ३० सप्टेंबर असा त्याचा अधिकृत काळ आहे. दुपारनंतर ढग जमतात आणि अर्ध्या तासात ढगफुटीसारखं कोसळतं. जमीन दगडी, पाणी मुरत नाही, सगळं घळीत उतरतं.

सांधण दरी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे लगेच कळेल. पावसाळ्यात सांधणमध्ये कुणी उतरत नाही. अँटिलोप कॅनियन, झायनची नॅरोज, युटातल्या असंख्य अरुंद घळी याच जातीच्या आहेत. फरक हा की इथे तुमच्या डोक्यावर निळं आकाश असू शकतं आणि पाऊस वीस किलोमीटर वर पडलेला असतो. १२ ऑगस्ट १९९७ रोजी लोअर अँटिलोप कॅनियनमध्ये असंच झालं. दूरच्या पावसाचं पाणी घळीत घुसलं आणि ११ पर्यटक गेले. आता तिथे शिड्या पक्क्या आहेत, धोक्याची सूचना मिळण्याची सोय आहे, आणि ढग आले की वाटाडे फेरी रद्द करतात. रद्द झाली तर त्यांच्याशी हुज्जत घालू नका.

रस्त्यावरून पाणी वाहत असेल तर गाडी घालायची नाही. ॲरिझोनाच्या कायद्याप्रमाणे, अडथळे लावून बंद केलेल्या पाण्याच्या रस्त्यावर गाडी घालून कुणी अडकला तर सुटकेचा खर्च त्याच्याकडून वसूल करता येतो.

याच दिवसांत धुळीची भिंत येते, विशेषतः फिनिक्स ते टूसॉन या आय-१० वर. समोरचं दिसेनासं होत असेल तर रस्त्याच्या पूर्ण बाहेर जाऊन थांबा, सगळे दिवे बंद करा आणि ब्रेकवरून पाय काढा. दिवे चालू ठेवले तर मागचा माणूस तुमचे दिवे बघत रस्ता समजून तुमच्यावर येऊन आदळतो.

९. प्रवेशाचा पास कोणता घ्यावा?

इथला नियम अलीकडे बदलला आहे, जुन्या माहितीवर विसंबू नका. १ जानेवारी २०२६ पासून नॅशनल पार्कचा वार्षिक पास अमेरिकेतल्या रहिवाशांना ८० डॉलर आणि बाहेरून आलेल्यांना २५० डॉलर. शिवाय अकरा गर्दीच्या पार्कांत, पास नसलेल्या १६ वर्षांवरच्या परदेशी पाहुण्याला नेहमीच्या शुल्कावर माणशी १०० डॉलर जादा. आपल्या मार्गावरची तीन त्यांत आहेत: ग्रँड कॅनियन, झायन आणि ब्राइस. म्हणजे भारतातून आलेलं जोडपं या तिन्ही ठिकाणी जाणार असेल तर पासच परवडतो. रहिवासी असल्याचं ओळखपत्र सोबत ठेवा, गेटवर मागतात.

पास कुठे चालत नाही हेही लक्षात ठेवा. मॉन्युमेंट व्हॅली आणि अँटिलोप कॅनियन नावाहोंचे, ग्रँड कॅनियन वेस्टचा दरीवरचा काचेचा स्कायवॉक वालापाई जमातीचा, हॉर्सशू बेंडचं पार्किंग पेज गावाचं, मिटिओर क्रेटर खाजगी, आणि डेड हॉर्स पॉइंट युटा राज्याचं. या सगळ्यांचे पैसे वेगळे.

१०. आधीपासून काय काय आरक्षित करावं लागतं?

सर्वांत आधी ग्रँड कॅनियनच्या तळाशी असलेलं फँटम रँच. त्याची सोडत मुक्कामाच्या पंधरा महिने आधी निघते. साउथ रिमच्या आतली लॉज तेरा महिने आधी उघडतात. तेवढं आधी कुणी ठरवत नाही हे मला कळतं, पण रद्द झालेल्या खोल्या परत येतात, रोज सकाळी बघत राहा. आम्हाला दोनदा तशाच मिळाल्या.

झायनच्या एंजल्स लँडिंग या सुळक्यावर चढायला एप्रिल २०२२ पासून परवाना लागतो. एक सोडत मोसमाआधी, दुसरी आदल्या दिवशी. ‘द वेव्ह’ नावाच्या त्या लाटांच्या दगडाला दिवसाला फक्त ६४ माणसं सोडतात, त्यामुळे त्याभोवती सहल बांधू नका. मोआबजवळच्या आर्चेस पार्कमध्ये गेल्या काही वर्षांत वेळेचं आरक्षण कधी लागू, कधी नाही असं चाललंय; निघण्याच्या महिन्यात पार्कच्या पानावर पाहा.

अँटिलोपची फेरी दोन-तीन महिने आधी घ्या. वाटाड्याशिवाय आत जाताच येत नाही.

११. घड्याळात गोंधळ होतो म्हणतात, तो काय?

ॲरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही. युटा आणि न्यू मेक्सिको करतात. नावाहो प्रदेश ॲरिझोनात असूनही करतो. त्या नावाहो प्रदेशाच्या पोटात होपी या दुसऱ्या मूळ जमातीचा प्रदेश आहे, ते करत नाहीत. नेवाडा तर वेगळ्याच पट्ट्यात.

तुमच्यापुरतं एवढं: मार्च ते नोव्हेंबर पेजमध्ये नऊ वाजले असतील तेव्हा मॉन्युमेंट व्हॅलीत दहा वाजलेले असतात. अँटिलोप नावाहो भूमीवर असलं तरी तिथले आयोजक पेजचं म्हणजे ॲरिझोनाचं घड्याळ पाळतात. वेगासहून झायनला जाताना वर्षभर एक तास गमावता.

पेजच्या आसपास फोन कधी या टॉवरची तर कधी त्या टॉवरची वेळ धरतो. आम्ही सासू-सासऱ्यांना घेऊन मॉन्युमेंट व्हॅलीला सूर्यास्ताच्या फेरीसाठी पोचलो तेव्हा जीप निघून तास झाला होता. सासऱ्यांना त्या बुरुजांमागे मावळणारा सूर्य बघायचा होता आणि दुसऱ्या दिवशी ढग आले. तेव्हापासून मी आरक्षण करताना फोन करून विचारते: ही वेळ कुठल्या घड्याळाची?

१२. ग्रँड कॅनियनचा साउथ, नॉर्थ की वेस्ट?

पहिल्यांदा जात असाल तर साउथ. वर्षभर उघडा, आणि दरीचं विस्तीर्णपण तिथूनच कळतं. ४४६ किलोमीटर लांब, जास्तीत जास्त २९ किलोमीटर रुंद, सुमारे दीड किलोमीटर खोल.

नॉर्थ रिम उंच, थंड आणि शांत आहे, साधारण मधला मे ते मधला ऑक्टोबर उघडा असतो. पण जुलै २०२५ च्या ड्रॅगन ब्राव्हो वणव्यात तिथलं जुनं लॉज जळून गेलं. त्यामुळे काय उघडं आहे ते पाहूनच बेत करा.

वेस्ट म्हणजे स्कायवॉक. ते नॅशनल पार्कमध्ये नाही. वेगासहून एका दिवसात होतं म्हणून लोक जातात आणि मग म्हणतात, ग्रँड कॅनियन पाहिलं. एकच दिवस असेल तर ठीक. दोन असतील तर साउथलाच जा.

१३. आम्ही सह्याद्रीत नेहमी ट्रेक करतो. एका दिवसात नदीपर्यंत उतरून वर येऊ शकू ना?

नका करू. पार्कचे रेंजरही हेच सांगतात, आणि विशेषतः मे ते सप्टेंबर.

सह्याद्रीतला माणूस इथे फसतो त्याला कारण आहे. आपल्याकडे सकाळी ताज्या पायांनी गड चढतो, वर पिठलं-भाकरी खातो आणि उतरताना दमलेले असलो तरी खाली गाव असतं. इथे सगळं उलटं. पहिली उतरण सुखाची असते, गार वाऱ्यात तासाभरात खूप खाली जाता, आणि दीड किलोमीटरची चढण उरते ती दुपारी, दमल्यावर. तळाशी कड्यापेक्षा दहा-अकरा अंश जास्त गरम असतं. उतरायला जेवढा वेळ लागला त्याच्या दुप्पट वेळ चढायला धरा.

ब्राइट एंजल वाटेवर पहिल्या विश्रांतिस्थळापर्यंत, म्हणजे दीड मैल, जाऊन परत या. सराव चांगला असेल आणि पहाटे निघालात तर तीन मैलांपर्यंत. वाटेवर नळ आहेत, पण दरीतली पाइपलाइन फुटली की ते बंद असतात. निघण्याआधी फलक वाचा आणि पाणी पाठीवर घेऊनच उतरा.

१४. ग्रँड कॅनियनमध्ये विष्णू, शिव, ब्रह्मा अशी नावं आहेत हे खरं का?

खरं आहे. विष्णू टेंपल, शिव टेंपल, ब्रह्मा टेंपल, कृष्ण श्राइन, रामा श्राइन. ही देवळं नाहीत, दरीतून वर आलेले डोंगर आहेत. क्लॅरेन्स डटन या भूगर्भशास्त्रज्ञाने १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला इथलं सर्वेक्षण केलं. त्याला या शिखरांत पूर्वेकडच्या देवळांचे आकार दिसले, म्हणून त्याने अशी नावं द्यायला सुरुवात केली. पुढच्यांनी ती प्रथा चालवली. बुद्ध आणि झोरोॲस्टरही तिथे आहेत.

या सगळ्यांत मला जवळचा वाटतो तो तळाचा काळा खडक, विष्णू शिस्ट. त्याचं वय सुमारे १७० कोटी वर्षं. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण साडेसहा कोटी वर्षांचा. कड्यावर तुम्ही ज्या पांढरट चुनखडीवर उभे असता, ती सर्वांत वरची, सर्वांत नवी थरसुद्धा २७ कोटी वर्षांची आहे. साउथ रिमवर ‘ट्रेल ऑफ टाइम’ नावाची सपाट पायवाट आहे. तिच्यावरचं एक मीटर म्हणजे दहा लाख वर्षं, आणि दरीतल्या प्रत्येक थराचा दगड हात लावायला ठेवला आहे. सपाट असल्यामुळे ज्येष्ठांनाही चालता येते. एक तास काढाच.

१५. आई-बाबांचे गुडघे दुखतात. त्यांना काय जमेल?

खूप काही. ग्रँड कॅनियनला मेदर पॉइंटपासून कड्यावरची वाट सपाट आहे, आणि पूर्वेकडच्या डेझर्ट व्ह्यू रस्त्यावर स्वतःच्या गाडीने थांबत थांबत ३७ किलोमीटर जाता येतं. झायनमध्ये मार्च ते नोव्हेंबर दरीत बहुतांश दिवस फक्त पार्कची मोफत बस जाते, तिच्या खिडकीतूनही कडे दिसतात. पारूस नावाची वाट पक्की आणि सपाट आहे. ब्राइसला गाडीपासून दोन मिनिटांवर कडा.

अँटिलोपचं लोअर शिड्यांचं आहे, ते त्यांना नको. अप्परची घळ सपाट आहे, पण परतीच्या वाटेवर लोखंडी जिने आहेत, आधी विचारून घ्या. हॉर्सशू बेंडला जाऊन-येऊन अडीच किलोमीटर उघड्या उन्हात चालावं लागतं, सकाळी लवकर.

प्रवासी आरोग्य विम्याशिवाय एक पाऊल टाकू नका. औषधं हातातल्या पिशवीत, आणि ती तापलेल्या गाडीत ठेवून उतरू नका. ब्राइसला पहिल्या दिवशी धाप लागली तर घाबरू नका, हवा विरळ आहे. बसा, पाणी प्या. बरं वाटेना तर खाली उतरा.

१६. शाकाहारी जेवण मिळेल का?

मोठ्या शहरांत सगळं मिळतं. मधल्या गावांत मेक्सिकन जेवणावर भिस्त ठेवा, पण घोटलेल्या राजम्यात डुकराची चरबी असू शकते, स्पष्ट विचारा. न्यू मेक्सिकोत प्रत्येक पदार्थाबरोबर ‘लाल की हिरवी?’ असं विचारतात, ते मिरचीच्या रश्श्याबद्दल. दोन्ही हवे असतील तर ‘ख्रिसमस’ म्हणायचं. हिरव्या रश्श्यातही कधी मांस असतं. नावाहो भागात तळलेली फ्राय ब्रेड मिळते, आपल्या भटुऱ्यासारखी, मधाबरोबर खा. आय-४० वर ट्रक थांबतात तिथे काही ठिकाणी पंजाबी ट्रकवाल्यांचे ढाबे निघाले आहेत. रात्री नऊ वाजता तिथे गरम दाल-रोटी मिळाली की माझ्या सासूबाई आशीर्वाद देत सुटतात.

आम्ही एक छोटा विजेचा कुकर, तांदूळ, मुगाची डाळ, मेतकूट आणि तुपाची बाटली नेतोच. कुकर लावायची परवानगी हॉटेलला विचारून घ्या.

१७. नावाहो भागात काय पाळायचं? आणि रस्त्यात कागदपत्रं तपासतात का?

नावाहो स्वतःला दिने म्हणवतात. त्यांचा प्रदेश सुमारे ७१,००० चौरस किलोमीटर आहे, आणि तिथे त्यांचं सरकार, त्यांचे पोलीस, त्यांचे कायदे आहेत. दारू नेणं बेकायदा आहे, गाडीच्या डिकीतलीही. ड्रोन नाही. माणसांचे, घरांचे फोटो विचारल्याशिवाय नाही; होपी गावांत तर फोटो, रेकॉर्डिंग, चित्र काढणंही बंद. कॅनियन डी शे या दरीच्या तळाशी आजही कुटुंबं शेती करतात, तिथे नावाहो वाटाड्याबरोबरच उतरायचं. रस्त्याकडेला चांदीचे दागिने विकणाऱ्या बायकांशी फार घासाघीस करू नका, बहुतेक वेळा ते त्यांनी स्वतः केलेले असतात.

कागदपत्रं: मेक्सिकोच्या सीमेपासून बऱ्याच आतही सीमा पोलिसांची नाकी आहेत. व्हाइट सँड्सहून लास क्रूसेसला येताना यूएस-७० वर, लास क्रूसेसच्या उत्तरेला आय-२५ वर, टूसॉनच्या दक्षिणेला आय-१९ वर. तुम्ही देश सोडलेला नसतो, तरी विचारतात. १८ वर्षांवरच्या परदेशी नागरिकाने आपली मूळ कागदपत्रं जवळ बाळगणं कायद्याने बंधनकारक आहे. पासपोर्ट, व्हिसा, आय-९४ (देशात प्रवेश केल्याची नोंद) ची प्रत, किंवा ग्रीन कार्ड. घरच्या कपाटात सुरक्षित ठेवलेल्या पासपोर्टचा इथे उपयोग नाही.

१८. एकदा जाऊन आलो. पुढच्या खेपेला काय?

मोआब. आर्चेस आणि कॅनियनलँड्सला मिळून तीन रात्री. परतताना मॉन्युमेंट व्हॅलीत एक मुक्काम, पहाटेसाठी.

लोणार पाहिलं असेल तर विन्स्लोजवळचं मिटिओर क्रेटर बघा. ते सुमारे ५०,००० वर्षांपूर्वीचं, व्यास १.२ किलोमीटर, लोणारपेक्षा लहान. पण इथे पाणी नाही, झाडी नाही, त्यामुळे उल्केने जमीन कशी उचलून बाहेर उलटवली ते उघडं दिसतं. अपोलोचे अंतराळवीर इथे सरावाला आले होते. लोणार पाहिलेल्या माणसाला इथे जास्त कळतं, आणि इथून गेल्यावर लोणार पुन्हा पाहावंसं वाटतं.

न्यू मेक्सिकोत व्हाइट सँड्स, जिप्समच्या पांढऱ्या टेकड्या. पायाला त्या तापत नाहीत, मुलं अनवाणी घसरतात. शेजारी क्षेपणास्त्रांची चाचणी असली की रस्ता काही तास बंद ठेवतात, म्हणून आदल्या दिवशी पाहा. ऑक्टोबरच्या सुरुवातीला गेलात तर अल्बुकर्कीचा बलून महोत्सव जोडून घ्या. तो १९७२ पासून चालू आहे आणि हॉटेलं वर्षभर आधी भरतात.

आणि मेसा व्हर्डे. कोलोराडोच्या कोपऱ्यात, कड्याच्या कपारीत बांधलेली दगडी घरं. क्लिफ पॅलेसमध्ये दीडशेच्या आसपास खोल्या आहेत. अजिंठा पाहिलेल्या माणसाला ती कपार ओळखीची वाटते, फक्त इथे भिक्षू नाही, संसार राहत होता. तेराव्या शतकाच्या अखेरीस, म्हणजे नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली जात होती त्याच सुमारास, दुष्काळ आणि इतर कारणांनी माणसं ही घरं सोडून दक्षिणेकडे गेली. त्यांचे वंशज आजच्या प्वेब्लो गावांत आणि होपींमध्ये आहेत. आत जायला रेंजरबरोबरच्या फेरीचं तिकीट लागतं, ते चौदा दिवस आधी सुटतं आणि लवकर संपतं. शिड्या चढाव्या लागतात, त्यामुळे गुडघेदुखीवाल्यांनी समोरच्या कड्यावरून पाहावं. दुपारी उशिरा ऊन थेट कपारीत शिरतं तेव्हा तिथूनही प्रत्येक खिडकी दिसते.